हळद इंटरव्ह्यूला बसते तेव्हा...

गेल्या महिन्यात एका रविवारी मला स्वयंपाकाची हुक्की आली. पहिल्याच टोमॅटोला सुरी थेट बोटात! मी पट्टी शोधेपर्यंत साताऱ्याहून आलेल्या आजीनं डब्यातली चिमूटभर हळद जखमेत दाबलीसुद्धा. रक्त थांबलं. सोमवारी ऑफिसात पिवळं बोट मिरवलं.

बुधवारी बोटाचाच टोमॅटो! डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आधी साबण-पाण्यानं धुतलं होतं का?" मी गप्प. पू काढला, अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. पण खरी जखम आजीला झाली. "माझी हळद आजवर कुणाला बाधली नाही," एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली.

मदतीला आली मावसबहीण. ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतेय. म्हणाली, "दादा, वाद कशाला? हळदीचा इंटरव्ह्यू घेऊ की!"

हा इंटरव्ह्यू असा. काचेच्या बशीत अगर म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारी जेली. तिच्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू सारवायचे. जखमेत पू करणारी नेहमीची गँग! कागदाच्या 6 मिलिमीटरच्या चकत्या अर्कात बुडवून वर ठेवायच्या आणि बशी रात्रभर 37 अंशांवर. सकाळी जेलीवर जंतूंची साय धरते. अर्कानं जिथे त्यांना वाढू दिलं नाही, तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो.

पाण्यात कालवलेली हळद : गोल शून्य. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क : झकास गोल! मी आजीला फोन लावणार, तेवढ्यात बहिणीनं तिसरी चकती दाखवली. तिच्यावर नुसतं अल्कोहोल होतं. आणि तिच्याभोवतीही गोल! चकत्या नीट वाळवल्याच नव्हत्या. म्हणजे मार्क हळदीला नव्हे, अल्कोहोललाच पडलेले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी कोऱ्या चकतीचा गोल गायब. हळदीचा उरला, पण चिंचोळा. शेजारी अँटिबायोटिकची चकती अख्खं मैदान मारून बसलेली.

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"तसंही नाही रे. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मग पाणीदार जेलीत ते पसरणार कसं? गोल लहान म्हणजे ताकद कमी, असं लगेच म्हणता येत नाही." म्हणून पुढचे राउंड. जंतूंची वाढ थांबवायला कमीत कमी किती मात्रा लागते? तेवढी मात्रा आपल्या पेशींना सोसते का? ती शरीरात हव्या त्या जागी पोचते का? आणि शेवटी, रुग्ण बरे होतात का? करक्युमिनची गाडी इथेच अडते. ते पोटातून रक्तात फारच कमी उतरतं, टिकतही नाही. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यातच जंतू असू शकतात. माझ्या न धुतलेल्या जखमेचं काय झालं, ते मग कोडं राहत नाही.

मी शेवटचं अस्त्र काढलं, "पण हळदीची पेटंटची लढाई आपणच जिंकलो ना?" जिंकलो, नक्कीच. जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच की, हा उपाय आपल्या आज्यांना आधीपासून माहीत होता. तो किती चालतो, हा प्रश्न वेगळा.

सगळे राउंड पार करणारे उमेदवारही असतात बरं का! चीनच्या तू यूयू यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तापावरच्या एका वनस्पतीची कृती वाचली : पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नाही! उष्णतेनं औषध नासत असेल, हे त्यांनी ओळखलं आणि कमी तापमानाला अर्क काढला. त्यातून 1972 मध्ये आर्टेमिसिनिन हाती आलं. मलेरियावरच्या या औषधानं लाखो जीव वाचवले आणि 2015 साली तू यूयूंना नोबेल मिळालं. जुन्या माणसांचं म्हणणं गांभीर्यानं घेणं म्हणजे काय, तर ते तपासून बघणं.

तोवर आपल्यासाठी सोपं धोरण : जखम झाली की आधी वाहतं पाणी आणि साबण. सूज, ठणका, पू दिसला तर तडक डॉक्टर. आणि कोर्स सांगितला तेवढा पुरा.

घरी येऊन आजीला सगळा रिपोर्ट दिला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पहिल्या राउंडला बसली तर माझी हळद!"

"बसली की, आजी."

"मग पुढच्या राउंडला मला घेऊन चल. आणि बोट आधी धू. जेवायला बसायचंय."