‘इतर’ या रकान्यातली मुलं

दिंडोशीत आम्ही काही मित्र दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा मोफत क्लास घेतो. मी गणित शिकवतो. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर असल्यामुळे हजेरीचा फॉर्म बनवण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. गैरहजेरीच्या कारणासाठी मी चार पर्याय दिले होते: आजारी, गावी गेला, कामावर जातो, इतर. तीन महिन्यांनी पाहिलं तर ‘इतर’ची यादी सगळ्यात लांब झाली होती.

त्या यादीतला एक मुलगा नववीत आहे. तीन रविवार आला नाही म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तो स्टोव्हसमोर बसून आईसाठी खिचडी करत होता. आईला वर्षभरापासून मनाचा आजार आहे. कधी ती दोन-दोन दिवस उठत नाही, कधी दार उघडून निघून जाते. वडील रात्री उशिरा येतात. मुलगा मला म्हणाला, “सर, मी आलो तर अम्मीकडे कोण बघणार?” मी त्याला ‘बघू काहीतरी’ असं म्हणून बाहेर पडलो. उतरताना वाटलं, हे घर मला माहीत आहे. मी अशाच घरात वाढलो आहे.

२००२ साली अब्बूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मी सहावीत होतो, आपा नववीत. अम्मी मालाडच्या एका इमिटेशन ज्वेलरीच्या कारखान्यात खडे चिकटवायला जायला लागली, कारण घरात आता दुसरी कमाई नव्हती. मग अब्बूंजवळ कोण? हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारल्याचं मला आठवत नाही. एके दिवशी आपाचं दप्तर कपाटावर गेलं, एवढंच आठवतं.

पहाटे पाणी भरणं, अब्बूंना भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्यांच्या वेळा, सरकारी दवाखान्यातली रांग, हे सगळं तिच्याकडे आलं. आमची खोली चढावर, रिक्षा खालीच थांबायची. अब्बूंना खुर्चीत बसवून खाली न्यायला शेजारची माणसं यायची. तेवढाच माझाही हात लागायचा. बाकी वेळ मला सांगितलं जायचं, “तू अभ्यास कर.” मी अभ्यास केला आणि इंजिनीअर झालो. नातेवाईक आजही म्हणतात, मुलाने घर वर काढलं. आपाने चौदाव्या वर्षापासून ते घर उभं धरलं होतं, म्हणून मला ते वर काढता आलं, हे कुणी म्हणत नाही. मीही फार उशिरा म्हणायला लागलो.

त्या मुलाला भेटून आल्यावर मी यावर वाचायला लागलो. तेव्हा सॉल बेकर हे नाव भेटलं. ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ. लफबरो, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, ससेक्स अशा विद्यापीठांत त्यांनी काम केलं आणि आजारी किंवा अपंग घरच्यांची काळजी घेणाऱ्या मुलांचा अभ्यास हा त्या कारकिर्दीचा कणा राहिला. तिकडे अशा मुलांना ‘यंग केअरर’ म्हणतात. १९९३ साली बेकर आणि त्यांच्या सहकारी जो ऑल्ड्रिज यांनी ‘चिल्ड्रन हू केअर’ हे पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांनी नॉटिंगहॅममधल्या फक्त पंधरा मुलांशी बोलणं केलं होतं. पण त्या मुलांना यापूर्वी कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर रुग्णाला पाहत होते, शाळा गैरहजेरी पाहत होती. दोन्हीच्या मधे उभं असलेलं मूल कुणाच्याच कागदावर नव्हतं.

या कारकिर्दीतली तीन कामं मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटतात.

पहिलं, मोजणं. ब्रिटनच्या २००१च्या जनगणनेत पहिल्यांदाच घरातल्या बिनपगारी काळजीचा प्रश्न आला आणि अशी सुमारे १,७५,००० मुलं आढळली. जनगणनेचा फॉर्म घरातला मोठा माणूस भरतो. २०१० साली बीबीसी आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाने शाळांमध्ये थेट मुलांनाच विचारलं, तेव्हा साधारण बारा मुलांमागे एक मूल घरी कुणाची तरी जड सेवा करत असल्याचं दिसलं. त्यावरून देशभरचा अंदाज सुमारे सात लाखांवर गेला. म्हणजे मोठ्यांऐवजी मुलांना विचारलं आणि आकडा चौपट झाला. आमच्या धंद्यात याला इनपुटची चूक म्हणतात. चुकीच्या माणसाला विचारलं की उत्तर चुकीचंच येतं.

दुसरं, प्रश्नांची यादी. बेकर यांनी स्टीफन जोसेफ आणि फिओना बेकर यांच्याबरोबर मुलांसाठी दोन प्रश्नावल्या तयार केल्या. एकीत अठरा प्रश्न आहेत: घरात तू नेमकं काय आणि किती वेळा करतोस? दुसरीत वीस प्रश्न आहेत: त्यामुळे तुला काय वाटतं? या दुसऱ्या यादीत वाईटाबरोबर चांगलंही विचारलेलं आहे. अशा मुलांना अभिमानही वाटू शकतो आणि त्याच वेळी पळून जावंसंही वाटू शकतं, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. याचं मला विशेष वाटलं.

तिसरं, टीका. १९९५ साली अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या लोइस कीथ आणि जेनी मॉरिस यांनी या अभ्यासावर कडक आक्षेप घेतला. मुलांच्या कष्टांची करुण चित्रं काढलीत की अपंग आईबाप नालायक ठरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मूळ प्रश्न हा की त्या आईबापांना मदत का मिळत नाही? त्यांना मदत द्या, मुलावरचं ओझं आपोआप उतरेल. हा आक्षेप वाचताना मला अब्बू आठवले. आपा त्यांचं अंग पुसायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, ते चिडले आहेत. आता कळतं, वयात आलेल्या मुलीकडून ही सेवा घेताना त्यांचा जीव किती वेळा मेला असेल. त्यांना दिवसातून एक तास एखादा पुरुष मदतनीस मिळाला असता तर बाप आणि मुलगी दोघंही सुटले असते.

वाद झाले, अभ्यास वाढत गेले. पुढे २०१४च्या कायद्याने इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनांवर अशा मुलांच्या गरजा तपासण्याचं बंधन आलं. तरीही सगळं ठीक झालेलं नाही. २०१७ साली बेकर आणि आग्नेस ल्यू यांनी वेगवेगळ्या देशांची या बाबतीत सात पायऱ्यांवर प्रतवारी लावली. सगळ्यात वरच्या पायरीवर एकही देश नव्हता. ब्रिटनसुद्धा दुसऱ्या पायरीवर होता.

हे वाचून कुणी म्हणेल, ही विलायतेची थेरं. आपल्याकडे मुलं घरच्यांचं करतातच. त्यांना मी कोसबाडला घेऊन जाईन.

मुंबईपासून काही तासांवर, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली त्या कोसबाडला आल्या. वारल्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी ‘पालक अडाणी आहेत’ असं दिलं नाही. मुलं दिवसभर काय करतात ते त्यांनी पाहिलं. काही गुरं राखत होती, तर काही धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसली होती. गुरं राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. भावंडं सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. मोठ्या बहिणीने कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. बेकर यांच्या पुस्तकाच्या छत्तीस वर्षं आधी, मराठी मुलखात, दोन बायकांनी हा प्रश्न ओळखून त्यावर इमारत उभी केली होती. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. त्यांची ‘अंगणवाडी’ देशभर गेली. मुलाच्या कडेवर कोण आहे ते आधी पाहा, हा त्यामागचा धडा मात्र वस्तीतल्या शाळांपर्यंत आला नाही.

आज आपली सरकारी मोजणी काय सांगते? जनगणनेत आपा शाळेत असती तर ‘विद्यार्थी’ झाली असती. शाळा सुटल्यावर ती ‘घरकाम’ झाली. शिक्षणाच्या सरकारी पाहणीतही शाळा सोडण्याचं एक कारण ‘घरकामात गुंतल्यामुळे’ असंच असतं. त्या एका शब्दात भांडी घासणारी मुलगीही बसते आणि बापाची लघवी काढणारी मुलगीही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील सगळ्यांचे चोवीस तास नोंदवले गेले. घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६, असं निघालं. त्यावर बाई आणि पुरुष अशी चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मुलांचा विषय निघाला नाही. बालमजुरीच्या कायद्यातही, २०१६च्या दुरुस्तीनंतर, शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत करायला मुभा आहे. ही मदत किती तासांची, कसली, हे पाहायला घरात कोण येणार?

आता आपल्या घरांबद्दल. आपल्याकडे या कामाला फार सुंदर शब्द आहे, खिदमत. आईबापाची खिदमत करणाऱ्याला दुआ मिळते, सवाब मिळतो. मला तो शब्द प्रिय आहे आणि मी तो टाकायला सांगत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. खिदमत सगळ्या औलादीवर आहे ना? मग ती दरवेळी घरातल्या मुलीच्याच वाट्याला कशी येते? आणि मुलगी नसली तर सगळ्यात गप्प मुलाच्या? आम्ही आपाला ‘जन्नती’ म्हणत राहिलो. त्या कौतुकामुळे तिला ‘मी थकले’ म्हणायची सोय उरली नाही, आणि मला तिच्या जागी दोन तास बसायची गरज उरली नाही.

म्हणून काही करण्यासारख्या गोष्टी सुचवतो. आपल्यापैकी अनेक जण क्लास, अभ्यासिका, वाचनालयं चालवतात. तिथे येणाऱ्या मुलांना एकदा, एकट्यात, आवाज न चढवता विचारा: घरी कुणी आजारी आहे का? त्यांचं काय काय तू करतोस? रात्री उठावं लागतं का? त्यामुळे शाळा बुडते का? उत्तर मिळालं की आईबापांना दोष द्यायला जाऊ नका. त्यांना काय हवं ते विचारा.

दुसरं, बालसंगोपन योजनेची माहिती घरोघर न्या. अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांबरोबरच, आईबाप गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठीही महाराष्ट्र शासनाची ही योजना आहे. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या मार्गाने होतो. कागद जमवायला घरातल्या मोठ्यांना वेळ नसतो, आणि ज्या मुलाकडे ते काम येतं त्याची शाळा आणखी बुडते. हे कागद आपण जमवू शकतो.

तिसरं मोहल्ल्याला. आपल्याकडे व्हीलचेअर, औषधं, राशन यांसाठी पैसे उभे राहतात, आणि ही मोठी गोष्ट आहे. त्यात माणसाचे तासही धरा. आजारी पुरुषाला अंघोळ घालायला आठवड्यातून तीन दिवस एक तरुण, आजारी बाईजवळ दुपारी दोन तास बसायला शेजारची एक खाला, दवाखान्याच्या रांगेत मुलाऐवजी एक मोठा माणूस. रिक्षा वर चढत नव्हती तेव्हा आमच्या चढावरच्या माणसांनी अब्बूंची खुर्ची उचलली होती. कुणालाही सांगावं लागलं नव्हतं. फक्त कपाटावर गेलेलं दप्तर कुणाला दिसलं नाही.

आपाने एकोणतिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. आता ती मीरा रोडला असते, दोन मुलं आहेत. मागच्या महिन्यात मी तिला फोनवर त्या प्रश्नांसारखेच काही प्रश्न विचारले. अब्बूंचं केलं याचा अभिमान वाटतो का? “हो, खूप.” तेव्हा राग यायचा का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझा यायचा.” आणि लगेच हसून मुलांच्या परीक्षेकडे वळली. या उत्तराला मी वीस वर्षं चुकवत होतो.

त्या नववीतल्या मुलाच्या आईजवळ रविवारी सकाळी बसायला आमच्या गटातली एक मैत्रीण जाते आहे. दोन आठवडे तो क्लासला आला, तिसऱ्या आठवड्यात नाही. त्याच्या अम्मीच्या उपचारांची आणि बालसंगोपनच्या अर्जाची धावपळ चालू आहे, ती सोपी नाही. हजेरीच्या फॉर्ममध्ये मी ‘इतर’च्या वर एक नवा पर्याय टाकला आहे: घरी कुणाची तरी काळजी घेतो किंवा घेते. तुमच्या क्लासच्या वहीतही तो टाका, आणि महिन्याभराने त्यापुढे किती नावं आली ते मोजा.