पाव मिलिमीटरची गोष्ट

सांगलीत माझा एक मित्र राहतो. नोकरी बँकेत, पण जीव सगळा गाड्यांत! त्याच्याकडे एक जुनी मारुती ८०० होती. ती घेऊन तो हौशी लोकांच्या शर्यतीत उतरायचा, ८०० सीसीच्या गटात.

आता हा गट म्हणजे काय? कुस्तीत वजनी गट असतात ना, तसंच. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते बँटमवेट गटात. शंभर किलोच्या पैलवानाशी त्यांना झुंजायला लावलं असतं तर ती बरोबरीची कुस्ती झाली असती का? गाड्यांचंही तेच. फक्त इथे काट्यावर इंजिनाचं वजन करत नाहीत, त्याच्या पोटातली जागा मोजतात.

इंजिनात सिलिंडर नावाच्या गोल नळ्या असतात. त्यांत पिस्टन वर-खाली होतो. एका फेरीत तो जेवढी जागा मोकळी करतो, ती घन सेंटिमीटरमध्ये मोजायची. तीच सीसी. मारुती ८००च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर आणि सिलिंडर तीन. गणिताच्या पुस्तकातलं वृत्तचितीचं घनफळ आठवा. उत्तर येतं सुमारे ७९६ सीसी.

एका वर्षी मित्राची गाडी निळा धूर सोडायला लागली. ऑइल खायला लागली. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, खोललं, सिलिंडरला मोजणी लावली आणि मान हलवली. पिस्टन घासून घासून तिन्ही सिलिंडर झिजले होते, तेही सगळीकडे सारखे नाहीत. अशा वेळी सिलिंडर आतून थोडा कापून पुन्हा गोल करतात. यालाच रिबोअर म्हणतात. मग त्यात जरा मोठा पिस्टन बसतो. पहिलं माप पाव मिलिमीटर मोठं. आपले तीन-चार केस शेजारी शेजारी ठेवले, की झालं तेवढं!

पण मिस्त्रींनी पाटीवर हिशेब मांडला. व्यास ६८.७५ झाला, की इंजिन ८०१ सीसीच्या पुढे जातं. काही गटांत रिबोअरसाठी थोडी सूट असते. या गटात नव्हती.

मित्र म्हणाला, "मिस्त्री, दीड-दोन सीसीनं काय बिघडतंय? गाडी काही विमान होत नाही. शर्यत दहा दिवसांवर आलीय."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आवो साहेब, वजनात बसला नाही तर पैलवान खालच्या गटात लढतोय व्हय?"

दुसरा मार्ग होता. सिलिंडर जास्त कापायचा, त्यात लायनर म्हणजे नवी नळी दाबून बसवायची आणि ती आतून बरोब्बर ६८.५ला आणायची. म्हणजे पिस्टन मूळ मापाचाच. लायनर साताऱ्याहून मागवले. आपला मुलूख इंजिनांना नवखा नाही बरं का! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तर धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात नांगरांचा आणि इंजिनांचा कारखाना उभा केला.

पण काम लांबलं, खर्च दुपटीवर गेला आणि शर्यत हुकली. मित्र आठवडाभर मिस्त्रींशी बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशाला? कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच मारुती ८००चं इंजिन लावून एकाच माणसाची शर्यतीची गाडी बनवली. तिचं नाव फॉर्म्युला मारुती. सगळ्यांना इंजिन तेच, त्यामुळे खर्च आटोक्यात आणि कस लागायचा तो चालवणाऱ्याचा. नारायण कार्तिकेयन १९९०च्या दशकात याच गाड्या चालवत पुढे आला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्या गाड्यांत एखाद्यानं गुपचूप मोठं इंजिन घातलं असतं, तर खरा चालवणारा कोण, हे कळलं असतं का?

पुढच्या शर्यतीत मित्र चौथा आला. तिथे पहिल्या तिघांचीच इंजिनं उघडून तपासायची पद्धत होती. परत आल्यावर तो हिरमुसून म्हणाला, "बघा मिस्त्री, एवढं केलं, पण आपलं इंजिन कुणी मोजलंच नाही."

मिस्त्री हसले. "मी मोजलंय की."

आता तुमच्यासाठी गणित : पिस्टन पाव नाही, अर्धा मिलिमीटर मोठा घातला, तर इंजिन किती सीसीचं होईल? आधी स्वतः करा, मग बाबांना विचारा. बघू कुणाचं बरोबर येतं!