सूज दिसते, गळती दिसत नाही

लहान आतड्यातील लसीकावाहिन्या जन्मतः फुगलेल्या असल्या, तर त्यांतून प्रथिने, चरबी आणि लिम्फोसाइट पेशी आतड्यात झिरपत राहतात. थॉमस वाल्डमन यांनी १९६१मध्ये वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार बहुधा वयाच्या तीन वर्षांच्या आत उघडकीस येतो. या गळतीमुळे अंगावर सूज येते; पण सुजलेले मूल पाहिले की आधी कुपोषण किंवा मूत्रपिंडाचा विकार आठवतो, आणि मौल्यवान वेळ तिथेच जातो. लघवीत प्रथिने नाहीत, यकृत ठीक आहे, तरीही रक्तातील अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि लिम्फोसाइट एकत्रच घटले आहेत, अशा वेळी आतड्याचा संशय घ्यायलाच हवा. विष्ठेतील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन गळती सिद्ध करते. एंडोस्कोपीतील पांढरे ठिपके आणि बायोप्सी कारण सांगतात. मात्र विकार ठिकठिकाणी विखुरलेला असू शकतो, म्हणून एक निर्दोष तुकडा पुरेसा नाही. पोटाचा क्षयही अशीच गळती घडवतो. तो वगळणे आपल्याकडे अत्यावश्यक.

गळतीची जागा शोधायला टेक्निशियम-९९एम जोडलेल्या अल्ब्युमिनचे स्कॅन उपयोगी पडते. या टेक्निशियमचे अर्धायुष्य जेमतेम सहा तास. ते ज्यापासून मिळते ते मॉलिब्डेनम-९९ मुंबईतील ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होत आले आहे. स्रोत इतका जवळ असताना मुंबईच्या उपनगरांतील बालरुग्णांना या तपासणीपर्यंत वेळेत पाठवणारी व्यवस्था पालिका रुग्णालयांनी उभारावी. निदान झाले, तर कमी चरबीचा आणि मध्यम साखळीच्या मेदाम्लांचा आहार अनेक मुलांची सूज उतरवतो.