शाळेच्या व्हरांड्यातील माता

एका सहा वर्षांच्या मुलाच्या मातेचे पत्र आमच्यासमोर आहे. पत्र तक्रारीचे नाही; तिने केवळ आपला दिनक्रम कळविला आहे. सकाळी मुलाला घेऊन ती शाळेत जाते आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसून राहते. मूल स्वमग्न आहे. वर्गात गलका वाढला की ते कानांवर हात ठेवून दाराकडे धावते; मग आई उठते, त्याला शांत करते आणि पुन्हा बाकावर नेऊन बसविते. शाळेने प्रवेश नाकारला नाही. तुमचे माणूस सोबत असेल तर आमची हरकत नाही, एवढेच सांगितले. घरात दुसरे माणूस नाही, पगारी माणूस ठेवण्याची ऐपत नाही; तेव्हा शिवणकाम करून चार पैसे मिळविणाऱ्या या बाईने मशीन झाकून ठेवले आणि ती त्या व्हरांड्याची रहिवासी झाली. शाळेचे नाव आम्ही देत नाही. ते दिल्याने एक शाळा बदनाम होईल आणि तसाच व्हरांडा असलेल्या अन्य शाळा सुखाने झोपतील.

कायद्याकडे पाहावे तर या मातेला तेथे बसण्याचे काहीच कारण नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो आणि स्वमग्नता त्यांत आहे. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याने निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क हा कायदा देतो. आणि त्या मुलाला गरजेप्रमाणे, अगदी व्यक्तिशः सुद्धा, साहाय्य पुरविण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकतो. 'व्यक्तिशः' हा शब्द कायद्यात आहे. तो आमचा नव्हे. ज्या हक्काची अंमलबजावणी आईने स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून करावी, त्याला हक्क म्हणावे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले: प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांचे कान धरावे लागले आणि पदे मंजूर करून ती भरण्याचे आदेश द्यावे लागले. हे प्रमाण उद्या तंतोतंत पाळले गेले असे समजू. रोज पाच तासांची शाळा धरली तर दहा मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि तोही दहाही मुले एकाच शाळेत असली तर. आपल्या खेड्यांत ती तशी नसतात. एक मूल या वाड्यावर, दुसरे नदीपलीकडे, तिसरे घाटाच्या पायथ्याशी. फिरता शिक्षक रोज एका शाळेला गेला तरी एकेका मुलाची भेट दोन आठवड्यांनी व्हायची. मधले नऊ दिवस त्या मुलाने काय करावे? व्हरांड्यातील आई हेच या प्रश्नाचे आजचे उत्तर आहे.

वर्गशिक्षिकेला दोष देण्यास आम्ही तयार नाही. आपल्या कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत एकच शिक्षक चारही इयत्ता सांभाळतो. शिवाय माध्यान्ह आहाराची नोंद, जनगणना, निवडणुकीची यादी. अशा माणसाने एका मुलाला शौचालयाला न्यावे, त्याच वेळी उरलेल्यांना पाढे म्हणायला लावावेत आणि फळ्याकडेही पाहावे, ही अपेक्षा चार हातांच्या देवाकडून करता येईल. येथे हवे आहे ते दुसरे माणूस.

पण कसे माणूस? नुसती दाई नेमून हा प्रश्न सुटत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये वर्गसाहाय्यक मोठ्या संख्येने नेमले गेले, तेव्हा त्यांच्या कामाची पाहणी पीटर ब्लॅचफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळात केली. निष्कर्ष धक्कादायक होता. ज्या मुलांना साहाय्यकाची सोबत सर्वाधिक लाभली, त्यांची प्रगती तशाच अन्य मुलांपेक्षा कमी झाली होती. साहाय्यक अप्रशिक्षित होते, शिक्षकाशी बोलण्यास त्यांना वेळ नव्हता, आणि काम पुरे झाले पाहिजे या घाईत ते मुलाचे काम स्वतःच उरकीत. शिक्षकानेही, त्याचे माणूस आहे ना, असे म्हणून त्या मुलाकडे पाहणे सोडले. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले होते की, साहाय्यक सतत चिकटून बसला की इतर मुले त्या मुलाजवळ येईनाशी होतात. आमच्याकडचे हिशेबनीस या पाहण्यांचा आधार घेऊन, म्हणजे साहाय्यकाची गरजच नाही, असे म्हणू लागतील म्हणून आताच बजावून ठेवतो: पाहणी साहाय्यकाच्या विरुद्ध नाही, त्याला वाऱ्यावर सोडण्याच्या विरुद्ध आहे.

चांगला साहाय्यक काय करतो? घंटा होण्यापूर्वी तो मुलाला सांगतो की आता घंटा होणार. दप्तर उघड, वही काढ, पान उलट, हे एक काम तो तीन चित्रांत मांडतो. गलका असह्य झाला तर कोपऱ्यातील चटईवर नेतो आणि दहा मिनिटांनी परत आणतो. पहिल्या महिन्यात तो शेजारी बसतो, तिसऱ्या महिन्यात मागच्या बाकावर, आणि वर्षअखेरीस दाराशी. मुलाला आपली गरज दिवसेंदिवस कमी भासावी, यासाठी पगार घेणारा हा माणूस आहे. सगळ्याच मुलांच्या बाबतीत ती गरज संपणार नाही. काहींना शेवटपर्यंत कोणीतरी लागेल, हेही मान्य करून चालावे. परंतु हे कसब आपसूक येत नाही. विशेष शिक्षकाने मुलाची योजना आखावी, वर्गशिक्षिकेने ती राबवावी आणि साहाय्यकाने दोघांच्या देखरेखीखाली हात द्यावा, अशी घडी बसली तरच ते साधते. गावातीलच शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन हे काम सोपविता येईल. वेतन मात्र सरकारी तिजोरीतून निघाले पाहिजे. पालकाने पैसे मोजावयाचे ठरले की वकिलाच्या मुलाला साहाय्यक मिळेल आणि खारव्याच्या मुलाला व्हरांडा.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न विचारला जाईलच. अनुदानित शाळांच्या बालरथांवर चालकाबरोबर मदतनीस असतो आणि त्याचा खर्च सरकार उचलते. ते योग्यच आहे. मूल बसमध्ये चढेपर्यंत ज्याला धरायला माणूस आहे, त्याला वर्गात शिरल्यावर माणूस नसावे, हा कोणता हिशेब? २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा 'पर्पल फेस्ट' भरला, आणि पुढेही भरत राहिला. आम्ही त्याचे स्वागतच केले. परंतु उत्सवाचा मांडव उतरतो. शाळा रोज भरते.

या प्रश्नाचा एक पदर घराच्या आतला आहे. मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, तरी आम्ही थांबतो. घराण्यात सगळेच उशिरा बोलले, असे आजी सांगते. मग देवळात कौल लावला जातो. त्या श्रद्धेची थट्टा आम्ही करणार नाही. कौलाने आईच्या जिवाला धीर येतो. पण कौल घेतल्यावर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाची पायरी चढावी, एवढेच सांगणे आहे. थोरल्या बहिणीचे लग्न जमणार नाही या भीतीने किती मुले प्रमाणपत्राविना राहिली असतील, त्याची गणती नाही. कायद्याचा शैक्षणिक हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, मेंदूची घडण मात्र त्याची वाट पाहत नाही. म्हणून अंगणवाडीपासूनच हा हात मिळाला पाहिजे.

मुक्तीपूर्वी या भूमीत लोकांनी देवळांच्या अग्रशाळांत आणि कोणाच्या ओसरीवर मराठी शाळा चालविल्या. १९६१ नंतर, विशेषतः भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत, वाड्यावाड्यावर सरकारी शाळा गेली. पुढे प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून आपण भांडलो. १९९० मध्ये भांडलो, २०११ मध्ये पुन्हा भांडलो. त्या भांडणात आमचीही लेखणी होती आणि तिची आम्हांस लाज नाही. परंतु ज्या बालकाला बोलच फुटलेला नाही, त्याचे माध्यम कोणते, हे त्या सगळ्या सभांत कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्हीही विचारले नाही.

विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने तीन आकडे मागावेत: राज्यात विशेष शिक्षकांची मंजूर पदे किती, त्यांपैकी कायम स्वरूपात भरलेली किती, आणि आज वर्गाबाहेर बसून राहणाऱ्या पालकांची संख्या किती. तिसरा आकडा शिक्षण खात्याने कधी मोजलाच नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एका सकाळी शाळांच्या व्हरांड्यांतून चक्कर मारावी. मिळेल ते उत्तर आम्ही याच स्तंभात छापू.