परदेशातलं एक सत्र वाया जात नाही

तिसऱ्या वर्षाच्या कुणी एक्स्चेंजचा अर्ज पुढे केला की अभियांत्रिकी महाविद्यालयात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘सहा महिने फिरून येणार आणि इकडे बॅकलॉग घेऊन बसणार.’ ‘प्लेसमेंट हातची जाणार.’ ‘सगळं एनपीटीईएलवर आहे, तिकडे जाऊन वेगळं काय शिकणार?’ आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘हे पैसेवाल्यांच्या पोरांचं काम.’ मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. जर्मनीतल्या तांत्रिक विद्यापीठांत एका सत्रासाठी गेलेल्या मुलामुलींचे अर्ज, गुणपत्रिका आणि परतल्यावरचं त्यांचं काम जवळून पाहत आलो आहे. हे आक्षेप अगदीच निराधार आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांवरून ‘मुलांनी जाऊ नये’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला साफ अमान्य आहे.

फिरण्याचा आक्षेप आधी घेऊ. मुलं फिरतात, हे खरं आहे. आखेन शहर बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे. तिथे राहून सुटीच्या दिवशी सीमेपलीकडे जाऊन न येणारा विद्यार्थी विरळाच. पण फिरून वेळ उरतो म्हणजे अभ्यास सोपा, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथली परीक्षा समजून घेतलेली नाही. तिथे बहुतेक विषयांत व्याख्यानाला हजेरी सक्तीची नसते. टर्मवर्क नाही, सेशनलचे वीस गुण नाहीत, जर्नलवर सही नाही. बऱ्याच विषयांत सगळी श्रेणी सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरते. दीड-दोन तासांचा पेपर. अनेक प्राध्यापक स्वतःच्या हाताने लिहिलेला सूत्रांचा एक कागद सोबत ठेवू देतात. म्हणजे सूत्र पाठ असल्याचं काही कौतुक नाही, ते कुठे लागू पडतं आणि कुठे पडत नाही एवढंच तपासलं जातं. 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी, 4.0 ला जेमतेम उत्तीर्ण, 5.0 म्हणजे नापास. आपल्याकडे शेवटच्या पंधरवड्यात ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन्स’ वाचून तरून जाणाऱ्या हुशार मुलांची तिथे पहिल्या महिन्यातच झोप उडते. त्यांच्या घरी येणाऱ्या फोटोंत ही झोप उडालेली दिसत नाही, म्हणून आपण त्याला सहल म्हणतो.

आता एनपीटीईएलचा मुद्दा. आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून उभं केलेलं हे व्याख्यानांचं भांडार उत्तम आहे; मी स्वतः ते वर्गात वापरतो. व्याख्यान एवढंच शिक्षण असतं तर परदेशी जायची खरोखर गरज नव्हती. म्युनिक किंवा कार्ल्सरूहच्या मोठ्या सभागृहात शेकडो मुलांसमोर होणारं व्याख्यान आपल्या एखाद्या चांगल्या प्राध्यापकाच्या तासापेक्षा सरस असतंच असं नाही. तिथलं खरं शिक्षण व्याख्यानाच्या पुढे सुरू होतं. सरावाच्या तासाला उदाहरणांचा कागद हातात येतो, वरच्या वर्गातला विद्यार्थी ट्यूटर म्हणून बाकांमधून फिरतो, उत्तर सांगत नाही, ‘ही मिती कुठून आणलीस?’ असं विचारतो. निकालानंतर एक दिवस ठरवून दिलेला असतो. त्या दिवशी तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून बसायचं, नमुना उत्तराशी ताडून पाहायचं आणि अर्धा गुण का कापला हे समोर बसलेल्या सहायकाला विचारायचं. आपल्याकडे छायाप्रतीसाठी शुल्क भरा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा, आणि उत्तर येतं ते ‘बदल नाही’ या दोन शब्दांत. तिथे आपली चूक कुणाशी तरी बोलून समजून घेणं हा अभ्यासाचाच भाग असतो.

तोंडी परीक्षेचं तर विचारूच नका. कराडजवळच्या गावातली आमची एक विद्यार्थिनी कंपनशास्त्राची तोंडी परीक्षा देऊन आली. प्राध्यापकांची खोली, एक टेबल, कोरे कागद, आणि बाजूला प्रश्नोत्तरांची नोंद घेणारा सहपरीक्षक. पहिला प्रश्न होता, कपडे धुण्याच्या यंत्राचा ड्रम सुटसुटीत प्रतिमानात काढून दाखवा. तिने वस्तुमान काढलं, स्प्रिंग काढली, समीकरण मांडलं. तेव्हा त्यांनी विचारलं, अवमंदन का वगळलंत? तिने सांगितलं, पुस्तकात तसंच आहे. ते म्हणाले, पुस्तकातलं यंत्र सुरू होताना अनुनादातून जात नसेल, तुमचं जाणार आहे. पुढचा सगळा वेळ तिने त्या एका गृहीतकाची उलटसुलट तपासणी केली. परत आल्यावर चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात गाइडने सुचवलेल्या गृहीतकालाही तिने कारण विचारलं, आणि तो प्रकल्प सुधारला. हे मी पाहिलं आहे. कुठल्याही व्हिडिओतून ही सवय लागत नाही, कारण व्हिडिओ तुम्हाला उलटा प्रश्न विचारत नाही.

तिला 2.3 श्रेणी मिळाली. आणि इथून पुढे मला विरोधकांशी खरं भांडायचं आहे, कारण सत्र वाया जातं ते तिकडे जाऊन नव्हे, इथल्या टेबलावर. ही श्रेणी दहाच्या मापात कशी बसवायची हे आमच्या परीक्षा विभागात कुणाला ठाऊक नव्हतं. जर्मन विद्यापीठं परदेशी गुण आपल्या श्रेणीत बदलताना एक साधं सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. तेच उलटं चालवलं, उत्तीर्णता चार धरली, की 2.3 चे 7.4 होतात. शाळकरी गणित आहे. त्यासाठी तिची फाइल एक अख्खं सत्र फिरत होती.

क्रेडिटचंही तसंच. युरोपात सत्राला 30 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं एकूण काम, घरचा अभ्यास धरून. आपण आठवड्यातले वर्गाचे तास मोजतो. दोन मापं जुळवायला एक तक्ता पुरतो, आणि जाण्याआधी विषयांच्या करारावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या की नंतर वाद उरत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटची बँक आली, पण विभागातला माणूस अजून विषयांची नावं शब्दशः जुळतात का हेच पाहतो.

प्लेसमेंटची अडचण खरी आहे, तिचं मूळ मात्र वेळापत्रकात आहे. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं, व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात, परीक्षा मार्चपर्यंत लांबतात. आमचं सहावं सत्र जानेवारीत सुरू झालेलं असतं. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, परीक्षा जुलैपासून पुढे, आणि इकडे कंपन्या यायला लागतात. म्हणजे कसंही गेलं तरी एक टोक कापलं जातं. यावर ‘जाऊ नका’ म्हणणं हा उपाय नाही. सहाव्या सत्रात या मुलांना उशिरा रुजू होऊन प्रकल्प आणि दोन ऐच्छिक विषय करू द्यावेत, मुलाखती ऑनलाइन घ्याव्यात. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, नाशिकला बॉश असलेल्या राज्यात जर्मन पद्धतीने काम करून आलेला अभियंता कुणाला नको असेल, हे मला समजत नाही. भाषेची भीती तर पुण्यात कुणी घालू नये. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुलर भवनात इथल्या कित्येक पिढ्या जर्मन शिकल्या आहेत.

बुद्धी देशाबाहेर जाते, ही तक्रार इथे लागूच होत नाही. एक्स्चेंजवर गेलेल्याची पदवी इथे अडकलेली असते. त्याला परत यावंच लागतं.

उरला पैशांचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. दोन संस्थांमध्ये करार असला की तिकडची शिकवणी फी माफ असते. पण व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. 2024 पासून ती महिन्याला 992 युरो आहे. सहा महिन्यांचे जवळपास 6,000 युरो, शिवाय विमान आणि विमा. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीने ते कुठून आणायचे? कराडच्या त्या मुलीच्या वडिलांनी कर्ज काढलं. म्हणून ही सोय श्रीमंतांची ठरते, हे मान्य. पण मग ती बंद करायची की गरिबापर्यंत न्यायची? युरोपने 1987 साली इरॅस्मस योजना सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी गेले; त्यांच्या हातात सार्वजनिक पैशांतून अनुदान दिलं गेलं, म्हणून ती पुढे लाखोंची झाली. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि ती मोलाची आहे, पण ती परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी. इथेच पदवी घेणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला एका सत्रासाठी तिचा उपयोग नाही. एका पूर्ण परदेशी पदवीच्या खर्चात किती जणांची एकेक सत्रं होतील, याचा हिशेब मंत्रालयात कुणीतरी मांडावा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही करार करावेत, रूपांतराचा तक्ता छापून परीक्षा विभागाच्या भिंतीवर लावावा, आणि पुढच्या जूनमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्या मुलीला ‘बॅकलॉग राहील’ असं सांगण्याऐवजी तिच्या विषयांच्या करारावर सही करावी.