जळक्या मोटारींचा डॉक्टर

येलदरी धरणाच्या पायथ्याशी १९६८पासून पूर्णेच्या पाण्यावर वीज होते. तीन संच, २२.५ मेगावॉट. तरी शेतातल्या मोटारी कमी दाबाने जळत आल्या आणि त्यावर रिवाइंडिंगवाल्यांची घरं चालली! परवा अशाच एका दुकानात डोकावलो. तांब्याच्या तारेची रिळं धूळ खात पडलेली, वार्निशचा वास तेवढा शाबूत. सौरपंप आले, तेही पाच वर्षांच्या दुरुस्तीच्या हमीसकट. बिघडला की कंपनीचा पोरगा कंट्रोलरवरचा एरर कोड वाचतो नि पार्ट मागवतो. आमचा कारागीर नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगतो. कौशल्य विकासाच्या नावाखाली नवी पोरं गोळा करण्याआधी सरकारने यालाच कंट्रोलर शिकवावा. दहावीच्या सर्टिफिकेटची अट आड येते? मग आधी ती काढा, बाकीचं नंतर बोलू.