पाणी मुरू द्या

माझी 31 वर्षांची नोकरी पाण्यातले जीव मारण्यात गेली. ऐकायला वाईट वाटतं, पण जलशुद्धीकरण केंद्रावर दुसरं काय करतात? तुरटीने गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी काढायचं, क्लोरिन सोडायचा आणि नळाच्या टोकाला जाऊन ओटी टेस्ट करायची. नळीत पिवळा रंग आला की सातारकर पाणी प्यायला मोकळे. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक पाहिजे, हा आकडा मला जन्मतारखेसारखा पाठ आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर नातवाच्या वाढदिवसाला घरात माशांची टाकी आली, तेव्हा पाण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

नऊ दिवसांत नऊ मासे मेले.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर सत्तर लिटर. त्याच बिलात लाल-निळी खडी, प्लास्टिकची झाडं, हवेची मोटर, स्पंजचा फिल्टर, सात गोल्डफिश आणि दोन सकर. ‘काका, काही करावं लागत नाही. पाणी भरा, मोटर लावा, मासे सोडा,’ इति दुकानदार. मी जरा हसलोच. नळाच्या पाण्यातला क्लोरिन माशाच्या कल्ल्यांना जाळतो, हे याला माहीत नसावं. केंद्रावर जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घेताना बाटलीत आधी हायपो घालतात, क्लोरिन मारायला. घरीही घातला. ओटी केली, रंग शून्य. मग मासे सोडले आणि मिशीवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दुकानदाराने निळं औषध दिलं. चौथ्या दिवशी पहिला गेला. मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याखाली खड्डा काढताना नातू म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही तर पाणीवाले ना?’

शेवटी त्याच पाण्याची बाटली घेऊन मी जुन्या प्रयोगशाळेत गेलो. अमोनिया इतका, की नमुना गटाराचा असावा असं तिथल्या मुलीला वाटलं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. नदीत हे पाण्याबरोबर वाहून जातं, शिवाय खडकाखडकावर बसलेले जीवाणू ते खातात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच, नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि वनस्पतींचं खत. माझ्या टाकीत यातलं कुणीच नव्हतं. नव्याकोऱ्या काचेत, धुतलेल्या खडीत, क्लोरिन येऊन गेलेल्या पाण्यात जीवाणू कुठून असणार? मी अगदी नियमानुसार निर्जंतुक पाणी दिलं होतं आणि मासे आपल्याच मुतात गुदमरून मेले. शब्द कठोर आहे, पण दुसरा नेमका नाही.

लाज याची, की मला हे माहीत असायला हवं होतं. 1829 साली लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये जेम्स सिम्पसनने मंदगती वाळूचा फिल्टर बांधला, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या फिल्टरमध्ये काम करते ती वाळूवर साचलेली बुळबुळीत जिवंत साय. फिल्टर नवा असतो तेव्हा पाणी नीट देत नाही. साय धरेपर्यंत थांबावं लागतं. हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. घरात मात्र विसरलो.

दुसऱ्या खेपेला मी रिकामी टाकी चालू ठेवली आणि रोज त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकलं, कुजायला. आमच्या घरातून प्रश्न आला, ‘मासे नाहीत, मग पंगत कुणाची चाललीय?’ म्हटलं, जीवाणूंची. पाच आठवडे वाट पाहिली. थेंबांची किट आणून वहीत आकडे मांडले. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं, उतरलं. दोन्ही शून्यावर आल्यावर सहा गप्पी सोडले. सगळे जगले.

तीन महिन्यांनी स्पंज काळा झालेला दिसला. केंद्रावर फिल्टरचा थर भरला की बॅकवॉश करायचा, हाताला लागलेली सवय. मी तो स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून, पांढराशुभ्र केला. पाच आठवडे थांबून जमवलेली वसाहत दोन मिनिटांत मोरीत गेली. त्या आठवड्यात चार गप्पी मेले.

खऱ्या वनस्पती लावायचं सुचलं ते यानंतर. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंचं 1999 चं एक पुस्तक मुलाने दिलं. टाकीच्या तळाशी साधी बागेतली माती, वर खडीचा थर, भरपूर झाडी, मासे मोजके; अमोनिया वनस्पतीच खातील, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. बाईंनी सांगितलेली माती मी घेतली, आणि शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे त्यात बाईंनी न सांगितलेलं शेणखतही दोन मुठी घातलं. आठवड्यात पाणी हिरवंगार झालं. मटाराच्या सारासारखं, पलीकडची काच दिसेना.

आता हिरवं पाणी म्हणजे शेवाळाचे सूक्ष्म कण, आणि कण खाली बसवायला तुरटीसारखं काही नाही. स्वयंपाकघरातले सहा पेले ओट्यावर मांडून मी रीतसर जार टेस्ट केली. चौथ्या पेल्यात पाणी काचेसारखं निवळलं. तेवढी मात्रा टाकीला दिली. सकाळी पाणी इतकं नितळ, की बायकोला उठवून दाखवलं. उरलेले दोन गप्पी तळाशी आडवे होते. तुरटी पाण्यातली क्षारता खाते. आमच्याकडे येणारं कासचं पाणी जांभ्याच्या पठारावरचं, पावसाचं, हलकं. त्यात क्षारता मुळात बेताची. केंद्रावर अशा वेळी चुना देतात. घरी मी चुना दिला नाही, आणि आम्लता मोजायचा कागद तांबूस होईपर्यंत सामू घसरला. पाण्याची नोकरी केलेल्या माणसाने पाण्याविषयीच्या खात्रीने केलेला हा तिसरा घात.

मग माती बदलली. शेणखत नाही, चाळलेली तांबडी माती एक इंच, वर दोन इंच जाड वाळू. पाणी पुन्हा हिरवं झालं तेव्हा काही घातलं नाही. टाकीवर चादर टाकून चार दिवस अंधार केला, आणि नंतर दिवा दहा तासांवरून सहावर आणला. पाणी आपलं आपण निवळलं.

बाटलीत साखर आणि यीस्ट आंबवून कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा प्रयोगही केला. घरात हातभट्टीचा वास सुटला आणि पंधरा दिवसांत तो बंद करण्यात आला. कुणी केला ते सांगायला नको.

वनस्पतींमध्ये मला सर्वांत जास्त शिकवलं क्रिप्टोकोरीनने. पुण्याहून पार्सलने आलेली, मूळची श्रीलंकेची जात. लावली आणि चार दिवसांत तिची पानं शिजलेल्या पालकासारखी विरघळली. मी उपटायला हात घातला होता, पण मुळं टणक लागली म्हणून राहू दिली. बाविसाव्या दिवशी तपकिरी टोकाची एक गुंडाळी वाळूतून वर आली. पाणी बदललं की ही वनस्पती जुनी पानं टाकते आणि नव्या पाण्याच्या हिशेबाने नवी काढते. तिची एक सख्खी बहीण, क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी वाढते. दुकानात ‘बकोपा’ म्हणून साठ रुपयांना जुडी मिळते ती जलब्राह्मी, आमच्या विहिरीमागच्या दलदलीत फुकट उगवते. आणि कास पठारावरचा वायतुरा तर शास्त्रीय नावातच साताऱ्याला घेऊन बसलाय: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. एकाने सुचवलं, त्याचे दोन कंद काढून आणा, टाकी उजळेल. जगाच्या पाठीवर ही वनस्पती आपल्या या डोंगरपट्ट्यातच आहे, आणि याला ती सत्तर लिटरच्या डब्यात हवी. मी त्याला चहा दिला, कंद आणले नाहीत.

ओढ्यातला हायड्रिला मात्र आणला आणि त्याच्याबरोबर चतुराच्या अळ्या आल्या. नव्याने सोडलेल्या गप्पींची पिल्लं रोज कमी का होतायत हे कळायला महिना गेला. आता बाहेरून आणलेली कोणतीही जुडी दोन आठवडे वेगळ्या बादलीत बसते.

टाकीला चार वर्षं झाली. दुपारी दिवा लागल्यावर तासाभराने वॅलिस्नेरियाच्या पानांवर प्राणवायूचे बुडबुडे चढतात, मोत्यांसारखे नाही म्हणणार, सोड्यासारखे. एवढी सगळी कर्मकहाणी सांगितली ती बुडबुड्यांसाठी नाही. माझं भांडण दुकानातल्या त्या एका बिलाशी आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकले जाऊ नयेत. लोणचं घालतो त्या दिवशी कुणी पानात वाढत नाही. ते मुरावं लागतं. टाकीचं पाणीही मुरावं लागतं, त्याला महिना-सव्वा महिना लागतो, आणि हे दुकानदाराला माहीत असतं. माहीत असून तो सांगत नाही, कारण आठवड्याने गिऱ्हाईक पुन्हा येतं: औषधाला, आणि नव्या माशांना. धंद्याचा निम्मा नफा या मरणांतून येत असावा अशी मला शंका आहे.

2017 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. व्यापाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी ओरड केली, आणि पुढे ते मागे घेतले गेले. मला तसा जाडजूड कायदा नकोच. गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी काच, माती, वनस्पती आणि अमोनियाची किट न्यावी. महिन्याने पाण्याची बाटली दाखवावी आणि मग मासे घ्यावेत. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवतोच ना? जो दुकानदार हे करेल त्याची विक्री सुरुवातीला घटेल, हे खरं आहे. पण आमच्यासारखे मासे मेले की जी घरं पहिल्या महिन्यातच टाकी माळ्यावर टाकतात, तीही त्याने हिशेबात धरावीत. आणि आईबापांनो, वाढदिवसाला टाकी द्यायची तर रिकामी द्या. माझ्या नातवाने पाच आठवडे वहीत आकडे लिहिले. त्याला कंटाळा आला नाही, मला आला.

दुसरी गोष्ट यशाविषयी, कारण त्याचाही उपद्रव होतो. दर पंधरा दिवसांनी माझ्या टाकीतून बादलीभर हायड्रिला निघतो. पुन्हा आणलेल्या सहा गप्पींचे पहिल्याच वर्षी साठ झाले. एवढ्याचं करायचं काय? पुष्कळ लोक पिशवी घेऊन माहुलीच्या संगमावर जातात आणि पुण्य केल्यासारखी कृष्णेत रिकामी करतात. जलपर्णी, जिला आपण केंदाळ म्हणतो, ती दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली ती शोभेची वनस्पती म्हणूनच. आज पंचगंगेपासून मुळा-मुठेपर्यंत ती काढायला दरवर्षी यंत्रं लावावी लागतात. ‘घाण खातो’ म्हणून विकला जाणारा सकर मासाही दक्षिण अमेरिकेतलाच. तो दीड फुटापर्यंत वाढतो, काठ पोखरतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला धरणात सोडतात, आणि उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येऊ लागला आहे. गप्पीसुद्धा परदेशीच, डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य खातं ते देतं, पण बंदिस्त डबक्यासाठी. ओढ्यासाठी नव्हे.

जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला. वनस्पती गच्चीवर कडकडीत वाळवा आणि झाडाच्या बुंध्याशी टाका. आमचा कढीपत्ता त्यावरच छपरापर्यंत गेलाय, खाली पहिल्या नऊ जणांचंही थोडं श्रेय असेल.

नवीन टाकी लावणार असाल तर माझ्याकडे या. वनस्पतीची जुडी देईन आणि स्पंज पिळलेलं काळं पाणीही देईन. त्यातल्या जीवाणूंनी तुमचे दोन-तीन आठवडे वाचतील. पैसे नकोत. बाटली तेवढी स्वतःची आणा, आणि कृपा करून ती नळाखाली धुऊन आणू नका.